बिअरचें पाणी आणि पाण्याची नळी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजणांच्या कपाळाला आठी पडली असेल. बिअर घरीं करण्याचा खटाटोप आणि त्यासाठीं लागणारी पाण्याची नळी, हा काय कुटुंबांत बसून ऐकण्याचा विषय आहे? मी स्वतः चहापलीकडे कोणतेंहि पेय घेत नाहीं. रसायनशास्त्र शिकवण्यांत माझें आयुष्य गेलें, आणि त्या शास्त्राच्या वाटेनेंच मी या विषयापर्यंत येऊन पोंचलों.

प्रथमच एक खुलासा करतों. महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून मद्य तयार करण्यास मनाई आहे, आणि घरच्या चुलीवर केलेली बिअरहि त्यांतून सुटत नाहीं. तेव्हां हें भाषण ऐकून कोणीं माळ्यावरचें पिंप खालीं काढूं नये. परंतु आपल्या पुष्कळ घरांतील मुलें-मुली, भाचे-पुतणे आज इंग्लंड-अमेरिकेंत संसार थाटून आहेत, आणि तेथें हा एक राजमान्य छंद आहे. इंग्लंडांत घरगुती बिअरसाठीं लागणारा परवाना १९६३ सालीं रद्द झाला. अमेरिकेंत अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं १९७८ च्या ऑक्टोबरांत एका कायद्यावर सही केली, आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून एकट्या प्रौढ माणसाला वर्षाकांठीं १०० गॅलन, व दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर, विकण्यासाठीं नव्हे तर घरच्यापुरती, करण्याची मोकळीक मिळाली. अशाच एका घरीं घडलेली गोष्ट मी आज सांगणार आहें. तिच्यांतला धडा मात्र बिअर न पिणाऱ्यांच्याहि उपयोगाचा आहे.

त्या गोष्टीआधीं दोन शब्द माझ्या आजीविषयीं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यांत ताक ठेवलेलें तिला खपत नसे. चुकून कोणी ठेवलेंच, तर ती तें सरळ झाडाच्या बुंध्याशीं ओतून देई आणि म्हणे, ‘कळकलं तें. पोटांत नाहीं जायचं.’ कळकणें हा आपल्या भाषेंतला शब्द किती नेमका आहे, हें मला रसायनशास्त्र शिकल्यावर उमगलें. पदार्थ नासणें निराळें आणि कळकणें निराळें. नासतो तो पदार्थ आपल्या गुणानें; कळकतो तो भांड्याच्या गुणानें. ज्या भांड्यांत तो राहिला त्या भांड्याचा कांहीं अंश त्याच्यांत उतरतो. आजीला ताकाचें कळकणें ठाऊक होतें. पाणीहि कळकतें, आणि भांड्यांतच नव्हे तर नळींतसुद्धां कळकतें, हें तिच्या नातवाला पुष्कळ उशिरां, आणि तेंहि सातासमुद्रांपलीकडे कळलें.

माझा भाचा अमेरिकेंत मिशिगन राज्यांत ॲन आर्बर या गांवीं राहतो. मोठें विद्यापीठ असलेलें तें गांव. निवृत्तीनंतर एक उन्हाळा मी त्याच्याकडे काढला. भाचा धंद्यानें इंजिनिअर. आठवडाभर ऑफिस आणि शनिवारीं गॅरेजमध्यें बिअर, असा त्याचा क्रम. गॅसची मोठी शेगडी, स्टेनलेस पोलादाचें हंड्याएवढें पातेलें, थर्मामीटर, नळ्या, कांचेचे बुधले असा सगळा थाट पाहून मला माझ्या कॉलेजांतल्या प्रयोगशाळेची आठवण झाली.

कृति थोडक्यांत अशी. जवाला मोड आणून तो वाळवतात व भरडतात. त्याला माल्ट म्हणतात. हा भरडा सुमारें ६५ ते ६८ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवला, म्हणजे धान्यांतील पिठाची साखर होते. तें गोड पाणी गाळून घेऊन, त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून तासभर उकळतात. मग हा काढा झपाट्यानें थंड करून त्यांत यीस्ट, म्हणजे किण्व, सोडतात आणि कांहीं दिवस आंबूं देतात. एका खेपेला पांच गॅलन, म्हणजे एकोणीस लिटरांच्या आसपास, बिअर होते. त्यासाठीं आरंभीं सातआठ गॅलन पाणी घ्यावें लागतें, कारण कांहीं भरड्यांत मुरतें आणि कांहीं वाफेबरोबर जातें. तयार बिअरमध्यें शेंकडा नव्वदांहून अधिक भाग पाणीच असतें. तेव्हां माल्ट कोठला, हॉप कोणत्या मुलखांतला याची चर्चा करणाऱ्यानें पाणी कोणत्या वाटेनें आलें याची चौकशी आधीं करावी, हें उघड आहे. पण उघड गोष्टच बहुधा नजरेआड होते.

त्या उन्हाळ्यांत भाच्याच्या दोन खेपा फुकट गेल्या. रंग छान, फेस उत्तम. पण घोट घेतांच दवाखान्यांतल्या पट्टीसारखा वास नाकांत शिरे, असें तो सांगे. त्यानें पहिला दोष किण्वाला दिला, आणि दुसऱ्या खेपेला तें बदललें. भांडीं घासूनपुसून लखलखीत केलीं. पाण्यावर त्याचा संशय नव्हता, कारण शहराच्या पाण्यांतील जंतुनाशक क्लोरिन नाहींसें करण्यासाठीं तो कॅम्डेन नांवाची गोळी वापरी. ही सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाईटची गोळी मूळ इंग्लंडांतली, फळें टिकवण्यासाठीं निघालेली. एक गोळी वीस गॅलन पाण्याला पुरते. भाच्याच्या आठ गॅलनांना अर्धी गोळी भरपूर होती. हिशेबांत चूक नव्हती, तरी वास हटेना.

शेवटीं तो मला म्हणाला, ‘मामा, तुम्ही आयुष्यभर रसायन शिकवलंत. एकदां खालीं येऊन बघा तरी.’

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी गॅरेजमध्यें गेलों. स्वयंपाकघरांतला नळ अरुंद आणि पातेलें अवजड, म्हणून भाचा बागेंतल्या नळाला पन्नास फुटी हिरवी नळी जोडून तिनें पातेलें भरी. ती नळी हिरवळीवर वेटोळें करून पडलेली होती. आदल्या दिवसाचें पाणी तिच्यांत तसेंच होतें, आणि सकाळच्या उन्हानें ती कोमट झालेली होती. मीं तीन स्वच्छ कांचेचे पेले मागितले. एकांत स्वयंपाकघरांतल्या नळाचें पाणी घेतलें. दुसऱ्यांत नळी काढून बागेंतल्या नळाचेंच पाणी घेतलें. तिसऱ्यांत नळींत रात्रभर राहिलेलें पाणी ओतलें. तिन्ही पेले झाकून ठेवले, आणि कोणता पेला कोठला हें न सांगतां भाचेसुनेला नुसता वास घ्यायला लावलें. पहिल्या दोहोंत तिला कांहीं फरक वाटला नाहीं. तिसरा नाकाशीं नेतांच तिनें तो दूर धरला.

दोषी सांपडला. घराचें पाणी चांगलें, बागेंतला नळहि चांगला. बिघाड मधल्या पन्नास फुटांत होता.

याचें कारण असें. आपण हिला रबरी नळी म्हणतों, पण बाजारांतल्या अशा बहुतेक नळ्यांत रबर नसतें; त्या पीव्हीसी नांवाच्या प्लॅस्टिकच्या असतात. हें प्लॅस्टिक जात्या कडक आणि ठिसूळ. त्याला लवचीक करण्यासाठीं त्यांत तेलकट द्रव्यें मिसळावीं लागतात. थॅलेट हा त्यांतलाच एक वर्ग. नळी उन्हांत तापली, म्हणजे हीं द्रव्यें हळूहळू पाण्यांत उतरूं लागतात. शिवाय नळीच्या रबरांत किंवा प्लॅस्टिकांत फिनॉल जातीचीं द्रव्यें उरलेलीं असूं शकतात. क्लोरिनाचें पाणी रात्रभर त्यांच्या संगतींत राहिलें, तर दोहोंच्या संयोगानें क्लोरोफिनॉल तयार होतात. हीं इतकीं उग्र असतात कीं अब्ज भागांत थोडे भाग असले, तरी जिभेला व नाकाला तीं ओळखूं येतात. कॅम्डेनची गोळी पाण्यांत उरलेलें क्लोरिन मारते. जन्मून बसलेल्या क्लोरोफिनॉलांना ती कांहींहि करूं शकत नाहीं. भाचा पातेल्याच्या दाराशीं पहारा करीत होता, आणि चोरी नळींतच होऊन गेलेली होती. इंग्लंडांत पाणीपुरवठा करणाऱ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना याच जातीचा सल्ला देत असतात: चहाला औषधी वास येऊं लागला, तर कपडे किंवा भांडीं धुण्याच्या यंत्राला जोडलेली नळी तपासून पाहा.

एवढ्यावर प्रकरण संपलें असतें तर मी आज भाषणाला उभा राहिलों नसतों. बिअरच्या दोन खेपा मोरींत गेल्या, त्याचें मला कांहीं दुःख नव्हतें. परंतु आमची हंसाहंस चालली असतां भाचेसून एकाएकीं गप्प झाली आणि म्हणाली, ‘मामा, आमची छोटी तर रोज हिरवळीवर खेळतांना याच नळीला तोंड लावून पाणी पिते.’

छोटी त्यावेळीं पांच वर्षांची होती. आम्हीं तिघांनींहि त्या नळीकडे पाहिलें. नळीच्या टोकाला पितळेचा जोड होता, आणि पोरीच्या ओठांना लागत होता तो हाच.

श्रोतेहो, वास मारणारी नळी हा एका अर्थानें प्रामाणिक शत्रु आहे. तो येण्यापूर्वीं वर्दी देतो. खरी भीति वर्दी न देणाऱ्याची, आणि तो म्हणजे शिसें. शिशाला पाण्यांत रंग नाहीं, वास नाहीं, चवहि नाहीं. पितळ यंत्रावर सहज कांतलें जावें म्हणून त्यांत थोडें शिसें घालण्याची रीत जुनी आहे. पीव्हीसी तापवून घडवतांना तें करपूं नये म्हणून त्यांत शिशाचीं संयुगें घालण्याची रीतहि पुष्कळ काळ चालत आली. बिअरचा काढा तासभर उकळतात, तेव्हां सगळेंच शुद्ध होईल, असें कोणाला वाटेल. उकळण्यानें जंतु मरतात. शिसें मरत नाहीं. उलट पाणी वाफ होऊन कमी झालें, म्हणजे उरलेल्यांत त्याचें प्रमाण वाढतें. पाण्यांतील शिशाची जी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें धरली आहे व भारतीय मानकांतहि दिलेली आहे, ती लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लक्षांश भाग, इतकी अल्प आहे. त्याच संघटनेचें म्हणणें असें कीं, निश्चितपणें निर्धोक म्हणतां येईल असें शिशाचें कोणतेंच प्रमाण ठाऊक नाहीं, आणि लहान मुलाचें शरीर मोठ्या माणसाच्या चौपट-पांचपट शिसें शोषून घेऊं शकतें. तें मुलाच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतें आणि हाडांत साठून राहतें.

पेयाच्या भांड्यांतून व नळ्यांतून शिसें पोटांत जाण्याचा इतिहास बराच जुना आहे. उसाच्या मळीपासून रम गाळतांना भट्टीचीं टोपणें आणि नळ्या शिशाच्या वापरीत, आणि ती रम पिणाऱ्यांस भयंकर पोटशूळ उठून हातपाय लुळे पडत. म्हणून अमेरिकेंतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १७२३ सालींच अशा टोपणांना व नळ्यांना कायद्यानें बंदी केली. इंग्लंडांत डेव्हन परगण्यांत सफरचंदाची आंबवलेली सायडर पिणाऱ्या लोकांना असाच पोटशूळ पिढ्यान्‌पिढ्या होत असे. कोणी म्हणत, फळेंच वाईट. कोणी म्हणत, हवा वाईट. १७६७ सालीं डॉक्टर जॉर्ज बेकर यांनीं दाखवून दिलें कीं, दोष फळांचा नसून रस काढण्याच्या चरकांत व दगडांच्या सांध्यांत वापरलेल्या शिशाचा आहे. आंबट रस शिशावरून वाहत होता आणि कळकत होता. माझ्या आजीनें तो झाडाच्या बुंध्याशीं ओतला असता.

हें सगळें जुन्या काळचें, असें म्हणण्याची सोय नाहीं. ॲन आर्बरपासून पन्नासएक मैलांवर फ्लिंट नांवाचें शहर आहे. तेथें २०१४ च्या एप्रिलमध्यें काटकसरीसाठीं पाण्याचा पुरवठा बदलून नदीचें पाणी घेण्यांत आलें, आणि नळ झिजूं नयेत म्हणून जी प्रक्रिया पाण्यावर करावयाची ती केली गेली नाहीं. जुन्या नळांतलें शिसें सुटून घरोघर पोंचलें आणि मुलांच्या रक्तांत सांपडूं लागलें. त्या राज्यांत राहणाऱ्या आईला पांच वर्षांच्या मुलीच्या पाण्याविषयीं वाटलेली धास्ती ही निव्वळ काळजीखोरपणाची नव्हती.

आतां कोणी विचारील, अमेरिकेसारख्या देशांत याला कायदा नाहीं काय? आहे, पण त्याला एक फट आहे. तेथील पिण्याच्या पाण्याच्या नळांना व जोडांना पूर्वीं ८ टक्क्यांपर्यंत शिसें चालत असे. २०११ च्या कायद्यानें, २०१४ च्या जानेवारीपासून, पाण्याला स्पर्श करणाऱ्या भागांत सरासरीनें ०.२५ टक्क्याहून अधिक शिसें असूं नये असें ठरलें. परंतु जें साहित्य फक्त बागेला पाणी घालण्यासारख्या कामाचें, म्हणजे पिण्याच्या पाण्याचें नव्हे, त्याला हा नियम लागत नाहीं. बागेची नळी पिण्यासाठीं नाहीं असें तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत बहुधा छापलेलेंहि असतें. वेष्टन मात्र पहिल्याच दिवशीं कचऱ्यांत जातें. ॲन आर्बर येथीलच इकॉलॉजी सेंटर या संस्थेनें २०१२ सालीं बागेच्या नळ्या तपासल्या. तेव्हां पुष्कळ नळ्यांत शिसें आढळलें, आणि एका नळींत उन्हांत राहिलेल्या पाण्यांत तर तें तेथील मर्यादेच्या अनेक पटींनीं अधिक होतें.

मग नळी निवडावी कशी? रंगावरून, जाडीवरून किंवा किंमतीवरून ती ओळखतां येत नाहीं. अमेरिकेंत पिण्याच्या पाण्याच्या नळ्या बहुधा पांढऱ्या किंवा निळ्या असतात. पण पांढरा रंग कोणत्याहि नळीला देतां येतो. ‘शिसेंविरहित’ एवढाच शब्दहि पुरेसा नाहीं. शिसें नसलें, तरी बाकीचीं द्रव्यें असूं शकतात. पाहावयाची ती मोहोर. ॲन आर्बर येथें, मिशिगन विद्यापीठांत, १९४४ सालीं स्थापन झालेल्या एनएसएफ या संस्थेचें ६१ क्रमांकाचें मानक पिण्याच्या पाण्याच्या साहित्यासाठीं आहे. त्या मानकाप्रमाणें साहित्य पाण्यांत ठेवून त्यांतून काय काय उतरतें तें मोजलें जातें. ५१ क्रमांकाचें मानक खाद्यपदार्थांना लागणाऱ्या साहित्याचें आहे. इंग्लंडांत बीएस ६९२० हें मानक पाहावें. त्यांत वास व चव, रंग, जंतूंची वाढ, आरोग्याला घातक द्रव्यें आणि धातु यांची परीक्षा होते. मोहोर नळीवर आहे कीं फक्त टोकाच्या जोडावर आहे, हेंहि पाहावें. नळी उत्तम आणि जोड शिशाच्या पितळेचा, असें झालें तर सोंवळें नेसून चिखलांत बसल्यासारखें होईल. जोड स्टेनलेस पोलादाचा असल्यास फारच चांगलें.

दुसरा प्रश्न, नळींतून काय जाणार आणि तें किती गरम असणार? बिअर करणाऱ्याच्या घरीं नळीचीं कामें तीन असतात. थंड पाणी पातेल्यांत भरावयाचें, तेथें पिण्याच्या पाण्याची मोहोर असलेली नळी हवीच. परंतु ती थंड पाण्यासाठींच आहे हें विसरूं नये. उकळता काढा एका भांड्यांतून दुसऱ्यांत न्यावयाचा, तेथें व्हिनिलची साधी नळी चालत नाहीं. साठसत्तर अंशांपुढें ती लुळी पडते, आणि उष्णतेनें तिच्यांतलीं द्रव्यें अधिक वेगानें सुटतात. त्या कामाला खाद्यपदार्थांसाठीं बनवलेली सिलिकोनची नळी घ्यावी. ती दोनशे अंशांच्या आसपासची उष्णताहि सोसते. तिचा एक दोष असा कीं, तिच्यांतून हवा झिरपते, म्हणून तयार बिअर तिच्यांत फार वेळ ठेवीत नाहींत. तिसरें काम काढा थंड करण्याचें. त्यासाठीं तांब्याच्या नळीचें वेटोळें काढ्यांत बुडवून तिच्यांतून थंड पाणी खेळवतात. हें पाणी काढ्याला शिवत नाहीं, म्हणून येथें बागेची साधी नळी चालते. मात्र जोड पातेल्याच्या बाहेर असावा, नाहींतर त्यांतून गळणारा थेंब थेट काढ्यांत पडतो. शिवाय वेटोळ्यांतून बाहेर येणारें पाणी आरंभीं जवळजवळ उकळतें असतें. त्या बाजूची नळी निसटून हात भाजल्याचीं उदाहरणें कांहीं थोडीं नाहींत.

चांगली नळीहि वाईट रीतीनें वापरली तर वाईट होते. वापरानंतर ती उंच टांगून निथळूं द्यावी, तोंडें झांकावीं, आणि सावलींत ठेवावी. वापरण्यापूर्वीं तिच्यांतलें साठलेलें पाणी पूर्णपणें वाहून जाऊं द्यावें. हें पाणी झाडांना घालतां येतें. गरम पाणी हवें असलें, तरी तें बंबाच्या नळाचें घेऊं नये. थंड घेऊन भांड्यांत तापवावें, कारण गरम पाणी धातु अधिक विरघळवतें. नळीचें टोंक पातेल्यांतल्या पाण्यांत कधीं बुडवूं नये. रस्त्यांत कोठें मोठा नळ फुटून दाब एकदम उतरला, तर पातेल्यांतलें पाणी उलट ओढलें जाऊन शहराच्या नळांत शिरतें. तें रोखणारी एक लहानशी झडप नळाच्या तोंडाशीं बसवतां येते, ती बसवावी. आणि नळी आंतून गढूळ झाली, चिकट लागूं लागली, किंवा ताठरली, म्हणजे तिचा लोभ न धरतां ती टाकून द्यावी.

आतां आपल्या घराकडे वळूं. बिअर नाहीं, म्हणून नळी नाहीं, असें थोडेंच आहे? उन्हाळ्यांत टँकर येतो. ज्या नळीनें सकाळीं अंगण धुतलें, तीच टँकरला लावून आपण पिण्याच्या पाण्याचें पिंप भरतों. नळाला पाणी पहांटे अर्धा तास येतें, म्हणून मोरींतल्या नळापासून स्वयंपाकघरांतल्या टाकीपर्यंत एक हिरवी नळी कायमची पसरून ठेवलेली असते, आणि तिच्यांत दिवसभर पाणी मुरत असतें. मग तेंच पाणी आपण गाळतों, उकळतों, आणि निश्चिंत होतों. भारत सरकारनें २०२१ सालीं पीव्हीसीच्या पाईपांत व जोडांत शिशाचीं संयुगें घालण्यावर निर्बंध आणणारे नियम काढले, ही चांगली गोष्ट झाली. पण ते भिंतींतल्या पाईपांसंबंधीं. दुकानांत गुंडाळींतून मीटरवर कापून मिळणाऱ्या नळीवर काय छापलें आहे, तें विकत घेणाऱ्यानेंच वाचावयाचें आहे. निदान इतकें करावें: पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवावी, ती पिण्याच्या पाण्यासाठींच बनवलेली आहे अशी खात्री करून घ्यावी, लांबी गरजेपुरतीच घ्यावी, आणि पहिलें पाणी पिंपांत न सोडतां कुंड्यांना घालावें.

ॲन आर्बरच्या घरीं पुढें काय झालें, तें सांगून संपवतों. भाचेसुनेनें त्याच आठवड्यांत छोटीला डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घेतलें. निकाल येईपर्यंतचे चार दिवस त्या घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. सुदैवानें चिंता करण्यासारखें कांहीं निघालें नाहीं. भाच्यानें मोहोर पाहून पांढरी नळी आणली, आणि तिसऱ्या खेपेची बिअर शेजाऱ्यांना आवडली म्हणतात. त्याबाबत मी साक्ष देऊं शकत नाहीं. जुनी नळी त्यानें फेंकली नाहीं. तिला लाल पट्टी बांधून गुलाबांच्या ताटव्याला देऊन टाकली. छोटीला मात्र या सगळ्याचा अर्थ कसा सांगावा हा प्रश्न होता. क्लोरोफिनॉल आणि शिसें हे शब्द पांच वर्षांच्या मुलीला काय कळणार? शेवटीं मीं तिला माझ्या आजीची गोष्ट सांगितली. ती तिला लगेच समजली.

मी परत यायला निघालों त्या दिवशीं शेजारचा एक मुलगा खेळतां खेळतां लाल पट्टीच्या त्या नळीला तोंड लावूं लागला. छोटी इंग्रजींतच त्याच्यावर ओरडली. पण तिला हवा तो शब्द इंग्रजींत सांपडला नसावा. तेवढा एक तिनें मराठींतच उच्चारला. ‘कळकलंय तें,’ असें ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला स्वयंपाकघरांतल्या नळाकडे घेऊन गेली.